शरण आलेल्या गॉब्लिनचं काय करायचं?

पत्राचा सारांश

ठाण्यात पाचपाखाडीला राहणारा सव्वीस वर्षांचा एक वाचक लिहितो: तो आणि चौघं जण एक रविवार आड त्याच्या घरी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. पुस्तकं २०१४ च्या आवृत्तीची. वाचक डीएम आहे, म्हणजे ‘डन्जन मास्टर’, खेळ चालवणारा. नेरुळचा त्याचा मामेभाऊ, ज्याला तो दादा म्हणतो, वीरभद्र नावाचा पॅलाडिन खेळतो, म्हणजे शपथ घेतलेला धर्मयोद्धा. ऐरोलीची एक मैत्रीण बार्ड खेळते, म्हणजे शाहीर. मागच्या सेशनला गावावर धाडी घालणाऱ्या गॉब्लिनांच्या, म्हणजे खुज्या राक्षसी जिवांच्या, टोळीतला एक पहारेकरी जिवंत हाती लागला. मैत्रिणीने त्याला शब्द दिला, ‘वाट सांग, जीव वाचेल.’ त्याने वाट सांगितली. पहाटे तिचं पात्र झोपलेलं असताना दादाने कैद्याचा गळा चिरला. वर म्हणाला, ‘गॉब्लिन दुष्टच असतात, पुस्तकात लिहिलंय. सोडला असता तर परत गावावर आला असता. आणि आपल्या पुराणांत तरी देव राक्षसांना मारतातच की.’ वाचकाने तिथल्या तिथे निकाल दिला: वीरभद्र आता ‘लॉफुल गुड’, म्हणजे नियमाने चालणारा आणि भला, राहिला नाही, प्रायश्चित्त घेईपर्यंत त्याच्या सगळ्या शक्ती बंद. दादा चिडून निघून गेला. मैत्रीणही लवकरची ट्रेन आहे म्हणून उठली. तेव्हापासून खेळ बंद आहे आणि व्हॉट्सॲप ग्रुप गप्प. गणपतीला मामाकडे सगळे भेटणार आहेत. वाचक विचारतो: माझा निर्णय बरोबर होता ना? मागे घेतला तर डीएम म्हणून माझी काय किंमत राहील? आणि दादा मुळात असाच आहे की काय, ही शंका मनातून जात नाही. तिचं काय करू?

उत्तर

प्रिय डीएम,

हे सदर वाचणाऱ्या बऱ्याच जणांनी हा खेळ पाहिलेला नसेल, म्हणून आधी त्यांच्यासाठी थोडं. एक जण जग उभं करतो आणि तिथले राजे, गावकरी, राक्षस अशा सगळ्यांच्या तोंडून तोच बोलतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या जगात शिरतात, ‘मी अमुक करतो’ म्हणून सांगतात, आणि ते साधलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. एकेक गोष्ट वर्षानुवर्षं चालते. इतके दिवस एखाद्या पात्राच्या तोंडून बोलल्यावर ‘ते दुष्ट झालं’ हे वाक्य कुठे जाऊन लागतं, हे ज्याने खेळलंय त्याला सांगावं लागत नाही. म्हणून तुमचा ग्रुप एका काल्पनिक गॉब्लिनवरून गप्प झाला याचं मला नवल वाटलं नाही. दिलेला शब्द मोडला गेला. तो गॉब्लिन कल्पनेतला असला तरी शब्द देणारी मुलगी खरी होती आणि ती तिथेच बसली होती.

तू सरळ विचारलंस, मीही सरळ सांगते. वीरभद्राने केलं ते वाईटच. हात बांधलेल्या, शरण आलेल्या, जिवाची हमी देऊन बोलतं केलेल्या कैद्याला मारणं कुठल्याच चांगल्या योद्ध्याला शोभत नाही, आणि तुमच्या गोष्टीत त्याचे परिणाम दिसायला हवेत. पण तुझा निकालही मला पटलेला नाही. शिवाय दादाने सुरा का उपसला याचं निम्मं उत्तर तुझ्याच पत्रात आहे, तू जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यात. त्याकडे येतेच. आधी दादाचे मुद्दे घेऊ, कारण ते टाकाऊ नाहीत.

‘पुस्तकात लिहिलंय.’ लिहिलंय खरं. पण ते पुस्तकात कसं आलं ते बघ. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ पहिल्यांदा छापला गेला तेव्हा त्यात चांगलं-वाईट असं खातंच नव्हतं. लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस, म्हणजे सुव्यवस्था, तटस्थता आणि अनागोंदी, हे तीनच गोट होते. फेब्रुवारी १९७६ मध्ये गायगॅक्सनी ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात एक लेख लिहून त्यात चांगल्या-वाईटाची दुसरी रेघ ओढली. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये प्रत्येक जातीच्या जिवापुढे त्याची अलाइनमेंट, म्हणजे तो यातल्या कुठल्या गोटात मोडतो ते, छापून आली, आणि १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात या दोन रेघा मिळून होणारी, आज सगळ्या खेळाडूंना पाठ असलेली नऊ घरं पक्की झाली. भुयारात अचानक कुणी समोर आलं तर त्याने कसं वागावं हे डीएमला चटकन ठरवता यावं, हा त्या खुणेचा मोठा उपयोग. एका अख्ख्या जमातीला जन्मतः फाशी सुनावण्याइतका भार ती खूण पेलत नाही. तुझ्याकडचं २०१४ चं मॉन्स्टर मॅन्युअल काढ आणि सुरुवातीची पानं वाच. जिवापुढे दिलेली अलाइनमेंट ही केवळ सर्वसाधारण आहे, आपल्या कॅम्पेनला, म्हणजे चालू असलेल्या गोष्टीला, हवी तशी ती बदला, असं त्यातच सांगितलंय.

दादाला आणखी एक दाखव. ‘डिटेक्ट ईव्हिल अँड गुड’ हा मंत्र नावावरून मनातलं पाप ओळखणारा वाटतो. २०१४ च्या नियमांत तो तसं काही करत नाही. तीस फुटांच्या आत देवदूत, सैतान, मृतात्मे किंवा अशाच परक्या प्रकारचं कुणी आहे का, एवढंच सांगतो. पॅलाडिनच्या अंगची ‘डिव्हाइन सेन्स’ही त्याच वळणाची. त्या नियमांत गॉब्लिन माणसं, एल्फ आणि ड्वॉर्फ यांच्याच वर्गात मोडतो, म्हणजे वीरभद्राने कितीही एकाग्र होऊन पाहिलं असतं तरी त्या कैद्यात त्याला दुष्टपणाचा मागमूस लागला नसता. तो दुष्ट आहे की नाही हे ठरवायला एकच मार्ग होता, त्याने केलं काय ते बघणं.

आता पुराणं. १९७७ च्या त्याच मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये आपला राक्षसही आहे. चित्रात वाघाचं तोंड, आणि सरसकट साऱ्या जातीला ‘लॉफुल ईव्हिल’चा शिक्का. दादा पुराणांचा दाखला देतो तेव्हा त्याच्या डोळ्यापुढे हा पुस्तकातला राक्षस आहे, आजीने सांगितलेला नाही. आपल्याकडे देवांनी असुर मारले, पण कूळ बघून कुणाचा निकाल लावलेला नाही. प्रल्हाद हिरण्यकशिपूचाच मुलगा. बळीराजा असुर, आणि तरी दिवाळीत आपण ‘इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतो. बिभीषण रावणाला सोडून आला तेव्हा सुग्रीवाचं म्हणणं जवळजवळ दादासारखंच होतं: हा शत्रूकडचा आहे, दगा देईल, मारून टाकावा. त्या शंकेत काही चूक नव्हतं, युद्ध तोंडावर होतं. तरी रामाने शरण आलेल्याला अभय दिलं.

आणि खंडोबाची गोष्ट तर दादाला घरातच ऐकायला मिळाली असेल. मणी आणि मल्ल हे दोघे भाऊ, दोघेही असुर, दोघांनी मिळून ऋषींचा छळ मांडलेला. मल्हारी माहात्म्याच्या प्रचलित कथेत मणी पडता पडता क्षमा मागतो आणि देवाजवळ जागा मागून घेतो. खंडोबाच्या देवळात त्याला ती मिळते. मल्ल शेवटच्या घटकेलाही जगाचा नाशच मागतो आणि त्याचं मस्तक देवळाच्या पायरीशी येतं. कूळ तेच, पापंही तीच. फरक पडला तो शेवटी कुणी काय मागितलं त्याने. तुमच्या गॉब्लिनने काय मागितलं होतं? जीव. आणि त्याच्या बदल्यात त्याने ठरलेलं दिलंही होतं.

इथे तुझा भाग येतो. तू लिहितोस की हा पहारेकरी मुळात तुझ्या तयारीत नव्हताच. मैत्रिणीने बोलायला सुरुवात केली म्हणून तू त्याला पिचकू असं नाव दिलंस, चिरका आवाज काढलास. तिने भाकरी पुढे केली तर त्याने अर्धी खाल्ली आणि अर्धी कमरेला खोचली. म्हणाला, ‘धाकट्याला.’ हे सगळं सुचेल तसं केलंस आणि फार चांगलं केलंस. पण त्या क्षणी तुझ्या जगातले गॉब्लिन बदलले. इतके दिवस भुयारात जे नुसते कापायचे होते, त्यांच्यातल्या एकाला घरी वाट पाहणारा भाऊ आला. मैत्रिणीला ते ऐकू गेलं. दादा मात्र गेल्या रविवारपर्यंत चाललेला खेळच खेळत होता, आणि त्या खेळात गॉब्लिन मारल्याबद्दल तू त्याला कधी हटकलं नव्हतंस. जग बदललं हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं: ‘दादा, थांब, हा प्राणी तुला माणसासारखा वाटतोय, तरी मारणार?’ ते न विचारता तू थेट शिक्षा सुनावलीस.

शिक्षाही जुन्या पुस्तकातली. १९७८ च्या नियमात पॅलाडिनने जाणूनबुजून दुष्कृत्य केलं की त्याचं पॅलाडिनपण कायमचं जायचं. पुढच्या आवृत्त्यांत प्रायश्चित्ताची वाट निघाली. २०१४ च्या नियमांत तर पॅलाडिनने लॉफुल गुड असावं ही अटच नाही. राहिली ती शपथ, आणि तुझ्या पत्रात नेमकं तेच नाही की वीरभद्राने कुठली शपथ घेतली आहे. ‘ओथ ऑफ डिव्होशन’, म्हणजे निष्ठेची शपथ, असेल तर त्यात खोटं न बोलणं, आपला शब्द पाळणं, शत्रूवर दया करणं पण डोळे उघडे ठेवून, हे सगळं येतं. मग शब्द बार्डने दिला, मी नाही, ही पळवाट त्याला घेता येणार नाही, कारण ती शब्द देत होती तेव्हा तो शेजारी गप्प उभा होता. पण शपथ ‘ओथ ऑफ व्हेंजन्स’, म्हणजे सूडाची, असेल तर गोष्ट वेगळी. त्यात कट्टर वैऱ्याला दया नाही असंच आहे, साध्या शत्रूला मात्र ती मिळू शकते. मग विचारायचा प्रश्न एवढाच उरतो की ही टोळी वीरभद्राची कट्टर वैरी आहे का. असेल तर तो आपल्या शपथेत राहून वागला, तुझा निकाल तुमच्याच नियमात बसत नाही, आणि भांडण उरतं ते दोन साथीदारांमधलं. हे आधी तपास. अर्धं प्रकरण तिथेच निवळेल.

परिणाम दाखवायचेच तर कसे, याचा नमुना महाभारतात आहे. युधिष्ठिराने द्रोणांना ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणून फसवलं तेव्हा जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. कुणी त्याला दुष्ट ठरवलं नाही, त्याचं राज्य काढून घेतलं नाही, तो युद्धातून उठलाही नाही. पण सगळ्यांना दिसलं. आणि फार पुढे, स्वर्गारोहणाच्या वेळी, त्याच फसवणुकीपायी त्याला घडीभर नरक पाहावा लागला. परिणाम कृत्याच्या मापाचा होता, गोष्टीच्या आतून आला, आणि काही भाग तर उशिराने आला. तुझ्या निकालात यातलं काहीच नव्हतं. तो गोष्टीतल्या कुणाच्या तोंडून आला नाही, तू तुझ्या खुर्चीवरून बोललास, तोही चारचौघांत आणि वयाने मोठ्या भावाला.

आता ते वाक्य. तू लिहिलंयस: ‘मागे एकदा त्यांनी एका दरोडेखोराला सोडलं होतं, तो रात्री टोळी घेऊन तळावर आला आणि वीरभद्राचा घोडा मेला, पण ते वेगळं.’

ते वेगळं नाही. माझ्या मते हे सगळं प्रकरण तिथून सुरू होतं. तुझ्या जगात आजवर एकदाच कुणाला जीवदान मिळालं आणि त्याचं फळ म्हणून या माणसाचा घोडा गेला. पुढच्या वेळी कैदी समोर आला तेव्हा त्याने त्या अनुभवाचाच आधार घेतला. डीएम चांगल्या-वाईटावर काय बोलतो ते टेबल विसरून जातं. जग उलटून काय करतं ते मात्र विसरत नाही. सोडलेला प्रत्येक जण दगा देत असेल, मारलेल्या प्रत्येकाचे एक्सपीरियन्स पॉइंट, म्हणजे पात्राची ताकद वाढवणारे गुण, मिळत असतील आणि कैद्याला ठेवायला कुठे जागाच नसेल, तर तू टेबलाला निर्दय व्हायलाच शिकवतो आहेस, मग पात्राच्या कागदावर ‘गुड’ लिहिलेलं असो वा नसो. या दृष्टीने बघ: तुझ्या जगात वीरभद्राकडे पर्याय तरी कोणते होते? मारणं, सोडणं किंवा बांधून सोबत फरफटत नेणं. कैदी ताब्यात घेणारा पाटील नाही, चावडी नाही, टोळीशी अदलाबदल करता येईल अशी वाट नाही. चांगलं वागणं हा नेहमीच सगळ्यात महागडा पर्याय असेल तर थोडेच लोक तो घेतील, आणि जे घेणार नाहीत त्यांना दुष्ट म्हणण्यात अर्थ नाही.

हे बदलणं पूर्णपणे तुझ्या हातात आहे. मारून जितके पॉइंट मिळतात तितकेच शत्रूला पळवून लावल्यावर, पकडल्यावर किंवा बोलून वाट काढल्यावरही दे, आणि तसं आधीच जाहीर कर. गावात कैदी ठेवायची एखादी सोय उभी कर, निदान एक जबाबदार माणूस. आणि सोडलेल्या शत्रूचं पुढे काय होतं ते तू मनाने ठरवू नकोस, फाशांवर सोड. याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक संचात अनोळखी जीव कसे वागतील आणि लढणारे शत्रू धीर कधी सोडतील, हे दोन साध्या सहा बाजूंच्या फाशांनी ठरवायची पद्धत होती. तिचाच आधार घेऊन असं करता येईल: बेरीज २ ते ५ आली तर तो टोळीकडे परत जातो, ६ ते ८ आली तर मुलूख सोडून पळतो आणि पुन्हा दिसत नाही, ९ ते १२ आली तर उपकार लक्षात ठेवतो आणि कधीतरी कामाला येतो. ३६ शक्यतांपैकी १० वेळा दगा, १० वेळा मदत, १६ वेळा काहीच नाही. फासे सगळ्यांसमोर टाक. जीवदान देण्यात धोका राहील, राहायलाच हवा, नाहीतर त्याला अर्थ काय. पण तो मूर्खपणा ठरणार नाही.

‘दादा मुळात असाच आहे का’ या शंकेबद्दल. कुणी कसलं पात्र खेळतो त्यावरून तो माणूस कसा आहे हे कळतं, असं मला वाटत नाही. कुटुंबात सगळ्यांचं ऐकून घेणारी माणसं टेबलावर आडदांड पात्रं घेतात, आणि तिथे गोडगोड बोलणारे घरी तसे असतीलच असं नाही. तुझा दादा दर वेळी नेरुळहून येताना घणसोलीच्या मित्राला गाडीत घेऊन येतो आणि रात्री घरापर्यंत सोडतो, हेही तूच लिहिलंयस. त्याला ओळखायचं तर मी त्यावरून ओळखेन.

पण एक गोष्ट त्याच्याशी बोलायला हवी, आणि ती गॉब्लिनची नाही. त्याने वेळ निवडली ती मैत्रिणीचं पात्र झोपलेलं असतानाची. तिने सगळ्यांसमोर घेतलेला निर्णय त्याने तिला बोलायची संधी न देता पुसून टाकला. हे वीरभद्राने केलं नाही, हे खेळाडूने केलं. ‘माझं कॅरेक्टर तसंच आहे’ हे उत्तर इथे पुरत नाही, कारण कॅरेक्टर आपणच घडवतो आणि ते दुसरं काही करेल असं ठरवणंही आपल्याच हातात असतं. टेबलावरचं खरं चांगलं-वाईट मी इथे शोधेन, पाच माणसं एकमेकांच्या निर्णयाला किती जागा देतात यात. दादा समंजस आहे. दुष्टपणाचा आरोप ऐकून तो भडकला. ‘तिला विचारलं असतंस तर बरं झालं असतं’ हे तो ऐकून घेईल.

मैत्रिणीबद्दल तू फार थोडं लिहिलंयस. दादाच्या रागावर पानभर आणि तिच्यावर अर्धी ओळ, तीही ट्रेनची. ती ट्रेनसाठी उठली नसावी. या सगळ्यात जिचा शब्द मोडला गेला तिला कुणी काही विचारलेलं नाही, तुझ्या निकालातही तिचं मत नव्हतं. तिला आधी फोन कर. दादाची बाजू मांडू नकोस, तुझीही नको. ‘तुला त्या दिवशी काय वाटलं आणि आता काय व्हावंसं वाटतं’ एवढंच विचार. तिला तो प्रसंग घडलाच नाही असं हवं असेल, तर मी तिचं म्हणणं सगळ्यांत वजनदार धरेन आणि गोष्ट आदल्या रात्रीपर्यंत मागे नेईन. त्यात कमीपणा नाही, गोष्ट तुमचीच आहे. तिची हरकत नसेल तर प्रसंग राहू दे, पण निकाल मागे घे.

डीएमची किंमत निकालावर अडून राहण्याने वाढत नाही. ती पुढच्या रविवारी खुर्च्या भरतात की नाही यावर ठरते. ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकू नकोस. दादाला भेट, आणि गणपतीच्या आधी भेट, म्हणजे मामाकडे चारचौघांत हा विषय निघणार नाही. ठाण्याहून नेरुळची थेट लोकल आहे. संध्याकाळी ज्वेल ऑफ नवी मुंबईला तळ्याभोवती दोघं चालत बोललात तर समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा सोपं जाईल. सांग, ‘दादा, मी घाईत निकाल दिला, नियमही जुना लावला. शक्ती परत आहेत. वीरभद्राने केलं ते मला बरोबर वाटत नाही, पण ते गोष्टीतच पुढे बघू. घोड्याचं मला आधी लक्षात यायला हवं होतं.’ आणि मग तिचा विषय काढ.

गोष्टीत पुढे काय, तर तुझ्याकडे भरपूर आहे. पिचकू परतला नाही हे टोळीला कळेल. यापुढे एकही गॉब्लिन या लोकांपुढे शस्त्र ठेवणार नाही, सगळे शेवटपर्यंत लढतील, आणि याची किंमत दादाला प्रत्येक लढाईत दिसेल. गावकरी मात्र वीरभद्राला खांद्यावर घेऊन नाचतील, आणि ते बार्डला बघवणार नाही. धाकट्या भावाला मी लगेच आणणार नाही. आणशील तेव्हा सूड घ्यायला आणू नकोस, नाहीतर ‘सोडला असता तरी हेच झालं असतं’ असं दादा म्हणेल आणि त्यात तथ्य असेल. त्याला भाऊ कुठे गेला एवढंच विचारत येऊ दे, आणि उत्तर कुणी द्यायचं ते टेबलाला ठरवू दे. वीरभद्राला वाईट वाटावं की नाही हे दादावर सोड. प्रायश्चित्त डीएमने लादलं की ती शिक्षा होते, खेळाडूने मागितलं तर त्यातून वर्षभराची गोष्ट निघते.

तुझ्यासारख्या इतर टेबलांसाठीही थोडं. ज्यांना दिवसभराच्या नोकरीनंतर नुसतं भुयारात शिरून वाईटाला कापायचं आहे, त्यांचं काही चुकत नाही. त्यांनी हाडांचे सापळे, प्रेतं, सैतान असे शत्रू घ्यावेत ज्यांच्याशी बोलणंच होत नाही, आणि तसं पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावं. ज्यांना चांगल्या-वाईटात खोल शिरायचं आहे, त्यांनी ग्रेग स्टॅफर्ड यांचा १९८५ चा ‘पेंड्रॅगन’ हा याच प्रकारचा खेळ बघावा. त्यात नऊ घरांऐवजी दयाळू-क्रूर, प्रामाणिक-कपटी अशा गुणांच्या तेरा जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीची बेरीज २०. दया वाढली की क्रौर्य तेवढंच घटतं. एकच सरदार दयाळू आणि कपटी दोन्ही असू शकतो, जसं माणसांचं असतं. आणि सगळ्यांनीच दुष्ट पात्रं घेऊन खेळायचं असेल तरीही माझी हरकत नाही, फक्त एकमेकांच्या पात्रांवर न विचारता वार करायचा नाही हे आधी बोलून घ्या. टेबलावर एक फुलीचं कार्ड ठेवलंत तर उत्तमच. जॉन स्टाव्हरोपोलस यांनी २०१३ मध्ये ही युक्ती मांडली: नको वाटेल त्या क्षणी कुणीही कार्डाला हात लावायचा, प्रसंग तिथेच थांबवून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. तुमच्याकडे ते असतं तर त्या पहाटेच्या प्रसंगात तिने हात लावला असता असं मला वाटतं.

पुन्हा बसाल तेव्हा पहिला अर्धा तास फासे बाहेर काढू नका. तीन गोष्टी पाचही जणांनी बोलून ठरवा आणि कागदावर लिहा. आपल्या जगात कोण कोण बोलू शकतं, आणि जो बोलू शकतो त्याला मारण्याआधी आपण थांबून विचार करायचा का. एकाने दिलेला शब्द बाकीच्यांवर बंधनकारक आहे का. नसेल तर मोडणाऱ्याने तो मोडण्याआधी, दुसऱ्याचं पात्र झोपलेलं असलं तरी, त्या खेळाडूला विचारायचं. आणि तिसरं, डीएमला एखाद्या पात्राचं वागणं खटकलं तर त्याने आधी प्रश्न विचारायचा, निकाल नंतर. हा तिसरा नियम तू स्वतःच वाचून दाखव. दादाला वीरभद्र पुढे न्यायचा नसेल आणि नवं पात्र घ्यायचं असेल तर घेऊ दे, वीरभद्र तुझ्या जगात राहील आणि कधीतरी उपयोगी पडेल. पण हे सगळं नंतरचं. आधी ऐरोलीला फोन.